तीन सिलिंडर, चार सिलिंडर आणि ओलं सरपण

मागच्या वेळी आपण न्यायशास्त्रातले हेत्वाभास बघितले. व्याख्यान संपल्यावर श्रोत्यांमधून एक चिठ्ठी आली. त्यात लिहिलं होतं: घरात पाच माणसं आहेत, एसयूव्ही घ्यायची आहे, सगळे सांगतात तीन सिलिंडरची घेऊ नका, तिच्यात दम नसतो, तुमचं तर्कशास्त्र इथे काही कामाचं आहे का? प्रश्न बोचरा आहे, आणि बारा-तेरा लाखांचा आहे. तेव्हा आज तोच घेऊ.

आधी हे म्हणणं अनुमान म्हणून मांडू. ‘ही गाडी कमजोर आहे, कारण हिला तीनच सिलिंडर आहेत.’ इथे तीन सिलिंडर हा हेतू आणि कमजोरी हे साध्य. हेतू खरा ठरायचा तर जिथे जिथे तीन सिलिंडर, तिथे तिथे कमजोरी दिसली पाहिजे. आता ह्युंदाई व्हेन्यू बघा. एकाच गाडीत दोन पेट्रोल इंजिनं मिळतात. १.२ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन ८३ पीएस ताकद आणि ११४ न्यूटन-मीटर टॉर्क देतं. १ लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन देतं १२० पीएस आणि १७२ न्यूटन-मीटर. म्हणजे तीनवालं चारवाल्याच्या जवळजवळ दीडपट! हेतू आहे आणि साध्य नाही. नैयायिक याला अनैकान्तिक हेतू म्हणतात, म्हणजे कधी या घरी, कधी त्या घरी जेवणारा.

मग ही समजूत आली कुठून? अगदीच हवेतून नाही आली. १९८३ साली मारुती ८०० आली, तिचं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी १०८९ सीसीची, चार सिलिंडरची. नंतरही बरीच वर्षं तीन सिलिंडर म्हणजे लहान, स्वस्त गाडी असंच समीकरण राहिलं. आता न्यायशास्त्रातलं ओल्या सरपणाचं उदाहरण आठवा. ‘अग्नी आहे म्हणून धूर आहे’ हे अनुमान चुकतं, कारण धूर येतो तो ओल्या सरपणामुळे. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. या ओल्या सरपणाला उपाधी म्हणतात. आपल्या प्रश्नात उपाधी कोणती? इंजिनाचा एकूण लहान आकार, आणि टर्बोचा अभाव. कमजोरी तिथून येत होती, आपण बोट दाखवलं सिलिंडरच्या संख्येकडे.

टर्बो म्हणजे काय, तर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूच्या जोरावर फिरणारा पंखा. तो आत जास्त हवा कोंबतो, मग जास्त इंधन जाळता येतं. आणि इथे तीन ही संख्या चक्क उपयोगी पडते. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे, म्हणजे ७२० अंश, झाले की प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. चार सिलिंडर असतील तर दर १८० अंशांनी एक ठोका, तीन असतील तर दर २४० अंशांनी. ठोके लांब असल्यामुळे एका सिलिंडरचा धूर दुसऱ्याच्या आड येत नाही, पंख्याला स्वच्छ धक्के बसतात. शिवाय पिस्टन कमी, बेअरिंग कमी, म्हणून घर्षणही कमी. १२०० सीसी तिघांत वाटले तर प्रत्येकी ४००, चौघांत वाटले तर ३००. भांडं फार लहान झालं की भिंतींवाटे उष्णता जास्त वाया जाते, हे कुठल्याही गृहिणीला सांगायला नको.

पण तक्रारीचा दुसरा भाग, थरथरीचा, तो मात्र मी झटकून टाकणार नाही. गाडी उभी असताना इंजिन ८०० फेऱ्यांवर फिरतं असं धरा. चार सिलिंडरला सेकंदाला सुमारे २७ ठोके पडतात, तीनला २०. ठोके जितके विरळ, तितके ते हाताला, सीटला जास्त जाणवतात. त्यात तीन सिलिंडरच्या इंजिनाला एक खोड आहे. पिस्टनांचे वर-खाली जोर एकमेकांना पुरे पडतात, पण ते वेगवेगळ्या जागी असल्यामुळे अख्खं इंजिन या टोकाकडून त्या टोकाकडे झुलू बघतं, लहान मुलांच्या सी-सॉसारखं. चार सिलिंडरला हे झुलणं नाही. तिथे दुप्पट गतीची बारीक कंपनं उरतात, ती लहान इंजिनात फारशी कळत नाहीत. उपाय आहेत: उलटा फिरणारा बॅलन्सर शाफ्ट, चांगले इंजिन माउंट. ते सगळेच सारखे घालत नाहीत, म्हणून एक तीन सिलिंडर शांत आणि दुसरं खडखडं.

मग कंपन्या तीनकडे एवढ्या का वळल्या? तिथे यंत्रशास्त्राइतकंच अंदाजपत्रक आहे. २००६ साली केंद्राने लहान गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आणलं. लहान कोण, तर चार मीटरच्या आतली, पेट्रोल १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत. ही रेघ आजही टिकून आहे: २२ सप्टेंबर २०२५पासून रेघेच्या आत १८ टक्के जीएसटी, बाहेर ४०. म्हणून रांजणगावची टाटा नेक्सॉन आणि नाशिकची महिंद्रा एक्सयूव्ही ३एक्सओ, दोघींची पेट्रोल इंजिनं १.२ लिटरची, तीन सिलिंडरची, टर्बो. मारुती ब्रेझाचं पेट्रोल इंजिन १.५ लिटरचं, चार सिलिंडरचं. लांबी चार मीटरच्या आत असूनही ती रेघेबाहेर. मोठ्या पेट्रोल इंजिनाची शांतता हवी तर तिच्यावरचा करही भरा, असा हा मामला.

आता घाट. लहान टर्बो इंजिन साधारण दीड हजार फेऱ्यांच्या खाली आळशी असतं. वरंधा घाटात, वळणावर, पाच माणसं आणि सामान घेऊन तिसऱ्या गिअरवर रेटलंत तर ते कण्हणारच. दुसरा टाका, जोर मिळतो. ज्यांना गिअर बदलायचा कंटाळा आहे त्यांनी ऑटोमॅटिक घ्यावी किंवा डिझेल बघावं. नेक्सॉन आणि ३एक्सओचं १.५ लिटर डिझेल चार सिलिंडरचंच आहे. टर्बोचा पंखा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, म्हणून ऑइल सांगितलेलंच घाला आणि वेळेवर बदला. इथे काटकसर केलीत तर दोष सिलिंडरांना देऊ नका.

आता ट्रायलबद्दल. शोरूमवाले सपाट रस्त्यावर एक चक्कर मारून आणतात, तिच्यावर समाधान मानू नका. एसी लावून सिग्नलला दोन मिनिटं उभे राहा, हात स्टिअरिंगवर ठेवा, मागे बसलेल्यांना विचारा काय जाणवतं. मग एखादा चढ गाठा, वर पोचेपर्यंत एसी बंद करू नका. गाडीत पाच जण हवेत: घरातले चौघं, आणि पाचवा शोरूमचा माणूस, मागे मधल्या जागेवर.