तपासणीच्या बेल्टवर आंबा स्थिर कसा ठेवावा?

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतील अनेक घरांचे कोकणाशी जुने नाते आहे. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये बागायतदाराकडून थेट हापूसची पेटी मागवणारे ग्राहक इथे चांगल्या संख्येने मिळतात. हा ग्राहक पारखी असतो. पेटी उघडली की एकेक फळ हातात घेतो, देठाकडे पाहतो, फळ फिरवून पोट-पाठ बघतो आणि मगच पेंढ्यावर ठेवतो. दोन डझनांत तीन फळे डागी निघाली, तर पैसे परत देऊन विषय संपत नाही. चाळीत ही बातमी संध्याकाळपर्यंत मजलाभर होते आणि पुढच्या वर्षीच्या पाच-सहा पेट्या जातात.

म्हणूनच रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडमधील अनेक गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्या प्रतवारीसाठी कन्व्हेअर बेल्ट बसवू लागल्या आहेत. मात्र एक तक्रार वारंवार ऐकू येते : “बेल्टवर चार माणसे उभी असतात, तरी डागी फळ पेटीत जातेच.” दोष बहुतेक वेळा कामगारांवर टाकला जातो. प्रत्यक्षात फळ डोळ्यासमोरून कसे जाते, हे तपासलेलेच नसते.

स्थिर म्हणजे नेमके काय?

तपासणीत फळ स्थिर हवे, याचा अर्थ ते जागेवर थांबलेले हवे असा नाही. साध्या सपाट बेल्टवर आंबा एका बाजूवर टेकून गपचूप पुढे जातो, पण त्याचा खालचा भाग कोणालाच दिसत नाही. उलट, फळ गडगडत गेले तर सगळ्या बाजू वर येतात, पण डोळ्याला एकही नीट दिसत नाही. आपल्याला दोन्ही गोष्टी हव्यात : फळ फिरले पाहिजे आणि पाहण्याचा भाग डोळ्यासमोर क्षणभर ठरला पाहिजे. ग्राहकाचा हात हेच करतो. तो फळ सावकाश आणि एकाच गतीने फिरवतो.

रोलर टेबल कसे काम करते?

तपासणीच्या टप्प्यावर सपाट बेल्टऐवजी रोलर टेबल वापरावे. यात आडवे रोलर साखळीवर बसवलेले असतात आणि दोन रोलरमधील खाचेत फळ बसते. साखळी पुढे सरकते, तेव्हा रोलर खालच्या स्थिर पट्टीवर घासून स्वतःभोवती फिरतात आणि फळालाही फिरवतात.

रोलर असे पट्टीवरून पुढे लोळत गेले, की फळ त्यांच्या उलट दिशेने फिरते. फळ जितक्या वेगाने पुढे जाते, जवळजवळ तितक्याच वेगाने त्याचा वरचा पृष्ठभाग मागे येतो. म्हणजे समोर उभ्या माणसाला फळाची वरची साल जागच्या जागी असल्यासारखी दिसते आणि एकेक बाजू शांतपणे उलगडत जाते. बैलगाडीचे चाक जमिनीला जिथे टेकते, तो बिंदू त्या क्षणी सरकत नसतो. इथे तोच प्रकार फळाच्या माथ्यावर घडतो.

काही यंत्रांत रोलर फिरवण्यासाठी खाली वेगळा बेल्ट असतो. तो पुढच्याच दिशेने आणि साखळीपेक्षा जास्त वेगाने चालत असेल, तर रोलर उलटे फिरतात आणि फळाची वरची बाजूही पुढेच पळते. साखळीचा वेग तोच असूनही डोळ्यासमोरून डाग कितीतरी वेगाने निघून जातो. तुमच्या यंत्रावर हे आजच पाहा. चालू टेबलावर एका फळाच्या माथ्यावर खडूने खूण करा. फळ पुढे जाताना खूण मागच्या बाजूने खाली गेली पाहिजे. पुढच्या बाजूने खाली जात असेल, तर रोलर फिरवणाऱ्या बेल्टची दिशा किंवा वेग बदलून घ्यावा.

वेगाचा हिशेब

सुमारे ७.५ सें.मी. जाडीच्या हापूसचा घेर साधारण २४ सें.मी. भरतो. फळ न घसरता फिरले, तर स्थिर पट्टीच्या टेबलावर दर २४ सें.मी.ला एक फेरा पूर्ण होतो. टेबल दीड मीटर लांब असेल, तर फळ सुमारे सहा फेरे घेते. सेकंदाला १५ सें.मी. वेग ठेवल्यास एका फेऱ्याला दीड सेकंदाहून थोडा जास्त वेळ मिळतो. एका फळासाठी तो पुरेसा आहे.

अडचण फळांच्या संख्येची असते. दर ७.५ सें.मी.ला एक खाच असेल, तर या वेगाने एका ओळीतून सेकंदाला दोन फळे जातात. चार ओळींतून आठ. दोन माणसे उभी असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाला चार फळे येतात. इतक्या घाईत डोळा फळ पाहत नाही, फक्त फळांची रांग पाहतो. त्यामुळे वेग निम्मा करावा किंवा माणसे वाढवावीत. प्रत्येकाला ठरावीक ओळी वाटून द्याव्यात, म्हणजे “ते फळ दुसऱ्याने पाहिले असेल” असे कोणी म्हणणार नाही.

हापूसची खास अडचण : दोन टोके

संत्रे खाचेत कसेही फिरते. आंबा मात्र लांबट असल्याने लांबीच्या आसाभोवतीच फिरतो. त्यामुळे पोट आणि पाठ वर येतात, पण देठाचे टोक आणि खालचे टोक कधीच वर येत नाही. देठकूज तर देठापासूनच सुरू होते. म्हणून सरळ वरून पाहणारा माणूस करप्याचे डाग पकडतो, पण देठाजवळचा काळपट डाग त्याच्या नजरेतून सुटतो.

- फळे खाचेत आडवी बसतील आणि देठ एकाच बाजूला येईल, अशी हाताने मांडणी करावी. देठाच्या बाजूला उभ्या माणसाला फक्त देठ पाहण्याचे काम द्यावे.
- दुसऱ्या टोकासाठी टेबलाच्या कडेला तिरपा आरसा लावावा. रुंद टेबलावर आतल्या ओळींची टोके आरशात दिसत नाहीत, तिथे दोन्ही बाजूंना माणूस हवा.
- लांब देठ रोलरमध्ये अडकतो, फळ उडी मारते आणि शेजारच्या फळाला ओरखडा पडतो. देठ छाटून, फळ उलटे ठेवून चीक पूर्ण गळू द्यावा. त्यानंतर देठाचा लहान खुंट राहिलेले फळच बेल्टवर सोडावे.
- धुतलेले फळ ओले असेल, तर ते रोलरवर घसरते आणि फिरतच नाही. टेबलाआधी स्पंजचे रोलर व पंखे लावून साल कोरडी करावी.

फळ उड्या मारत असेल तर कारण असे शोधा

हादरा किती वेळाने येतो, ते घड्याळ लावून मोजा.

- ठरावीक लांब अंतराने : बेल्टचा जोड वर आलेला असतो. पूर्ण बेल्टची लांबी ६ मीटर आणि वेग सेकंदाला १५ सें.मी. असेल, तर जोड दर ४० सेकंदांनी त्याच जागी येतो. जोड सपाट करून घ्यावा.
- एकाच जागी, लवकर लवकर : त्या जागेचा रोलर वाकलेला आहे किंवा त्यावर चिकाचा थर बसला आहे. रोज काम संपल्यावर रोलर धुवावेत.
- सगळ्या बेल्टभर हलका झोका : बेल्ट सैल पडला आहे. ताण द्यावा आणि खाली सपाट पत्र्याचा आधार द्यावा.
- सुरू किंवा बंद करताना धक्का : मोटरला व्हीएफडी बसवून वेग हळूहळू वाढेल अशी सोय करावी.
- एका बेल्टवरून दुसऱ्यावर जाताना : दोन्हींच्या पातळीतील फरक शक्य तितका कमी करावा. तिथे मऊ ब्रशचा किंवा रबरी पट्ट्यांचा पडदा लावला की फळाचा वेग मोडतो आणि ते गडगडत नाही.

अंतर राखा

चिकटून चालणारी फळे एकमेकांना ढकलतात आणि झाकतात. त्यासाठी पुढचा बेल्ट मागच्यापेक्षा थोडा जलद ठेवावा. मागचा सेकंदाला १२ आणि पुढचा १५ सें.मी. असेल, तर दोन फळांमधील ८ सें.मी. अंतर १० सें.मी. होते. मोठा फरक एकदम देऊ नये, फळ मागे लोळते. त्याऐवजी दोन टप्प्यांत वेग वाढवावा.

कॅमेरा आणि वजनाचे कप

कॅमेऱ्याने तपासणी करायची असेल, तर स्थिरतेची गरज आणखी वाढते. सेकंदाला १५ सें.मी. वेगाने सरकणारी साल १/५० सेकंदात ३ मि.मी. पुढे जाते. फळमाशीच्या डंखाची टाचणीच्या टोकाएवढी खूण त्या फोटोत पुसूनच जाते. शटर १/१००० सेकंद ठेवल्यास हीच सरक ०.१५ मि.मी. होते, मात्र त्यासाठी प्रकाश भरपूर आणि न चमकणारा हवा. वजनाच्या कपात फळ डुलत असेल किंवा दोन कपांवर टेकले असेल, तर वजन चुकते आणि २५० ग्रॅमच्या सीमेवरची फळे भलत्याच पेटीत जातात.

फळमाशीची खूण सुटणे किती महाग पडते, हे निर्यातदारांना ठाऊक आहे. फळमाशी आढळल्याने युरोपीय संघाने मे २०१४ पासून भारतीय आंब्यावर बंदी घातली होती. ती २०१५ मध्ये उठली, पण मधला एक हंगाम हातचा गेला.

बेल्टवर न दिसणारा दोष

साका बाहेरून दिसत नाही. बेल्ट कितीही उत्तम असला तरी साक्याचे फळ देखणेच दिसते. त्यासाठी झाडावर फळ अतिपक्व होऊ न देता योग्य वेळी काढणी करणे, हाच तुमच्या हातातला उपाय आहे. ग्राहकाला “मशीनवर तपासलेला, साकामुक्त” असे आश्वासन देऊ नये.

हंगामाआधी ही चाचणी कराच

१०० फळे घ्या. त्यांत १० डागी फळे मिसळा : चार देठाजवळ, तीन पोटावर आणि तीन खालच्या टोकाला डाग असलेली. त्यांची नोंद स्वतःकडे ठेवा, तपासणाऱ्यांना सांगू नका. नेहमीच्या वेगाने फळे सोडा आणि किती पकडली गेली ते मोजा. पोटावरची तिन्ही सापडली आणि देठाची सुटली, तर माणसांची जागा बदला. सगळीकडची थोडी थोडी सुटली, तर वेग कमी करा. ठरावीक वेळाने सुटत असतील, तर हादरा शोधा. काम सुरू झाल्यावर पहिल्या तासात आणि तिसऱ्या तासात हीच चाचणी पुन्हा घ्या. दमलेल्या डोळ्यांचा फरक त्यात लगेच कळतो आणि माणसांची पाळी केव्हा बदलायची, तेही ठरवता येते.