विश्लेषण : जावाचे काम ‘सी’कडे दिले की एक्सएमएल खरेच झटपट बदलते?

जामसंडेत हापूसच्या पेटीचे पैसे ग्राहक क्यूआर कोड स्कॅन करून देतो, तेव्हा त्या यूपीआय व्यवहाराचा निरोप बँका आणि एनपीसीआय यांच्यात एक्सएमएल मांडणीत फिरतो. पैसे कोणी दिले, कोणाला, किती, हे सारे त्यात ठरलेल्या खुणांमध्ये बांधलेले असते. मात्र प्रत्येक संस्थेच्या आतल्या यंत्रणेला माहिती आपापल्या साच्यात हवी असते. एक्सएमएलचा साचा बदलण्यासाठी १९९९ पासून ‘एक्सएसएलटी’ ही प्रमाणित भाषा आहे. असे सर्व्हर बऱ्याचदा जावात लिहिलेले असतात. निरोपांची गर्दी वाढली, की हे रूपांतर ‘सी’मधल्या ‘लिबएक्सएसएलटी’सारख्या लायब्ररीकडे सोपवण्याचा विचार पुढे येतो.

त्यासाठीचा पूल म्हणजे ‘जेएनआय’. तो १९९७ मध्ये जावा १.१ सोबत आला. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही तो वापरात आहे: तिथला ‘सॅक्स’ पार्सर एक्सएमएल वाचण्याचे काम ‘सी’तल्या ‘एक्सपॅट’कडून करून घेतो.

मग अडचण कुठे आहे?

पूल ओलांडण्याची किंमत पडते. खाडीपलीकडे शंभर पेट्या न्यायच्या आणि होडीत दर फेरीला एकच आंबा ठेवायचा, तसे हे होते. ‘सी’ने तयार केलेल्या झाडातला एकेक घटक जावा मागत बसली, तर वाचलेला वेळ ये-जा करण्यातच जातो. संपूर्ण दस्तऐवज एकदा द्यावा आणि तयार निकाल एकदाच घ्यावा, हे उत्तम.

त्यात मराठीचा मुद्दा वेगळाच. ‘जामसंडे’ या शब्दात सात संकेतचिन्हे आहेत. जावा ती १४ बाइटमध्ये ठेवते, तर लिबएक्सएसएलटी वापरते त्या यूटीएफ-८ मध्ये २१ बाइट लागतात. म्हणजे जावाची स्ट्रिंग पाठवली, तर जाताना-येताना मजकुराचे रूपांतर आणि नक्कल आलीच. फाइलमधले मूळ बाइट थेट पाठवले, तर जातानाचा तो खर्च वाचतो.

खरा धोका मात्र वेगाचा नाही. जावात चूक झाली, तर बहुधा एक व्यवहार अडतो. ‘सी’ने स्मृतीत नको तिथे हात घातला, तर जावाची संपूर्ण प्रक्रिया कोसळू शकते आणि त्या क्षणी तिच्यात चालू असलेले सगळेच व्यवहार अधांतरी राहतात. पैशांच्या कामात हे परवडणारे नाही. ‘सी’चा भाग वेगळ्या प्रक्रियेत चालवणे थोडे संथ असते, पण सुरक्षित.

आणि आधी मोजून पाहायला हवे. अनेक प्रोग्रॅम दर निरोपाला एक्सएसएलटीचे नियम नव्याने वाचतात. ते एकदाच तयार करून ‘टेम्प्लेट्स’ या ऑब्जेक्टमध्ये ठेवले, तर पुलाची गरजच अनेकदा उरत नाही. जावाचे स्वतःचे रूपांतर-इंजिन हे नियम बाइटकोडमध्ये बदलते, त्यामुळे ते वाटते तितके मंद नाही.

तरीही पूल हवाच असेल, तर मार्च २०२४ च्या जावा २२ पासून ‘फॉरेन फंक्शन अँड मेमरी’ हा नवा, लिहायला सोपा मार्ग कायम झाला आहे. जावा २४ तर परवानगी न घेता ‘जेएनआय’ वापरणाऱ्याला इशाराही देते.