बोलणे ऐकू येण्याची तजवीज

चैत्र सरता सरता वर्धा, देवळी, पुलगाव, हिंगणघाट येथील घरांच्या खिडक्यांवर कूलर चढतात, पारा पंचेचाळीस अंशांची वेस ओलांडू लागतो, आणि त्याच सुमारास टीव्ही दुरुस्त करणाऱ्या कारागिरांकडे एका ठरावीक तक्रारीची आवक वाढते. "आवाज येऊन राहिला, पण बोलणं समजून नाही राहिलं," ही ती तक्रार. फिर्यादी बहुधा घरातील सर्वांत वयोवृद्ध मनुष्य असतो. आरोपी म्हणून कधी संचाला, कधी नातवाच्या हातातील रिमोटला, तर कधी हल्लीच्या नटनट्यांच्या उच्चारांना उभे केले जाते. आणि घरच्या मंडळींचा निवाडा मात्र साक्षीपुरावा होण्यापूर्वीच लागलेला असतो, की म्हातारपणी कान गेले. हिंगणघाटच्या एका जुन्या कारागिराबरोबर अशा काही घरांतून हिंडल्यावर माझे मत असे झाले आहे, की हा निवाडा एकतर्फी असून वरच्या कोर्टात टिकण्याजोगा नाही.

एका घरातील बाबाजी उमेदीच्या काळात कापडगिरणीत मागावर होते. खोली बेताची, खाली शहाबादी फरशी, वर स्लॅब, भिंती गुळगुळीत रंगवलेल्या, संच भिंतीतल्या सिमेंटच्या कोनाड्यात बसवलेला, आणि त्याच्या समोरच्या भिंतीशी बाबाजींची खाट, जिच्या उशाशी खिडकीतला कूलर घरघरत होता. कारागिराने पिशवीला हात लावला नाही. त्याने प्रथम मराठी बातम्या लावल्या आणि प्रत्येक बातमीनंतर आवाज बंद करून बाबाजींना विचारले, की काय सांगितले? बाबाजींनी जवळजवळ सारे बरोबर सांगितले. मग त्याने कौटुंबिक मालिका लावली, आवाजाचा आकडा तोच ठेवला, आणि तोच प्रश्न केला. बाबाजींच्या चेहऱ्यावर जी त्रस्तता उमटली ती पाहण्यासारखी होती. "बातम्यावाली समजते बापू," ते म्हणाले, "ह्या भांडणाऱ्या बाया काही समजत नाही."

या एका वाक्यात अर्धे निदान आहे. वृत्तनिवेदिका ध्वनिग्राहकाजवळ बसून, समोर पाहून, पार्श्वसंगीताच्या लवाजम्याशिवाय बोलते. मालिकेतील पात्रे पाठमोरी होऊन, कुजबुजत वा किंचाळत, आणि ढोल-ताशांच्या गडगडाटाखाली बोलतात. शिवाय चित्रपट व मोठ्या खर्चाच्या मालिका पुष्कळदा पाच-अधिक-एक अशा सहा ध्वनिप्रवाहांत रचल्या जातात, त्यांतील मधल्या प्रवाहात मुख्यत्वे संवाद असतात, आणि घरच्या संचाला दोनच कर्णे असल्यामुळे तो मधला प्रवाह कमी करून इतरांत मिसळावा लागतो. चित्रगृहात ज्याला स्वतंत्र आसन होते, त्याला घरी दाटीवाटीने उभे राहावे लागते.

उरलेले निदान कानाचे. मनुष्याच्या बोलण्यातील बळ स्वरांत असते आणि अर्थ बहुतांशी व्यंजनांत. अ, आ, ओ यांची शक्ती सेकंदाला हजार कंपनांच्या आत एकवटलेली असते. स, श, फ, त, थ यांचे क्षीण फूत्कार दोन हजारांपासून आठ हजारांपर्यंत पसरलेले असतात. वार्धक्यातील श्रवणऱ्हास वरच्या कंपनांपासून सुरू होऊन खाली उतरतो, आणि यंत्रांच्या गोंगाटाने झालेली इजा चार हजारांच्या आसपास खाच पाडते. बाबाजींवर हे दोन्ही गुदरले होते. त्यामुळे 'सात', 'हात' आणि 'खात' यांतील 'आ' त्यांना खणखणीत ऐकू येई, आणि त्याआधीचे व्यंजन कोणते ते तर्काने भरावे लागे. इंग्लंडातील लँकेशायर परगण्यात मागावरचे कामगार त्या कल्लोळात एकमेकांचे ओठ वाचून संभाषण करीत, हे प्रसिद्ध आहे. बाबाजीही, स्वतःला न कळत, पडद्यावरील ओठ वाचीत होते, आणि पाठमोरे पात्र बोलू लागले की त्यांचा धागा तुटत होता.

अशा माणसासाठी आवाज वाढवणे हा उपाय नव्हे, उलट बहुधा अपाय होय. आवाज वाढवला की ढोल वाढतो, स्वर वाढतात, आणि खालच्या कंपनांचा हा लोंढा वरच्या नाजूक व्यंजनांवर चढून त्यांना झाकून टाकतो. त्यातून दुखावलेल्या कानाचा एक विचित्र धर्म असा, की हळू ते त्याला ऐकू येत नाही आणि मोठे ते सोसत नाही. या दोहोंमधली पट्टी अरुंद झालेली असते.

कारागिराने कामाला कूलरपासून प्रारंभ केला. टाकीतला टिल्लू पंप पत्र्यावर टेकून गुणगुणत होता, त्याच्याखाली त्याने रबराचा तुकडा सरकवला. कूलरचा सांगाडा आणि खिडकीची चौकट यांच्या मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या दाबून बसवल्या. पंख्याचा वेग एक घर खाली आणला. आणि बाबाजींची खाट त्या भिंतीवरून काढून संचाच्या जवळ, बाजूच्या भिंतीशी लावली. या बदलीला घरातून थोडा विरोध झाला, कारण खाटेच्या जागी अनेक वर्षांचा वहिवाटीचा हक्क निर्माण झालेला होता; पण बाबाजींनीच हुकूम फिरवला.

नंतर संचाची पाळी आली. जुन्या ठोकळा-संचांचे कर्णे पुष्कळदा श्रोत्याकडे तोंड करून असत. पातळ संचांचे कर्णे बहुधा तळाशी किंवा पाठीशी दडवलेले असतात, आणि त्यांचा ध्वनी टेबलावर वा भिंतीवर आपटून मगच आपल्याकडे येतो. तशात संच कोनाड्यात कोंबला तर तो कोनाडा पेटीसारखा घुमतो आणि नेमकी खालची कंपने फुगवतो. संच कोनाड्यातून काढून लाकडी स्टूलावर, कडेशी आणून ठेवताच जो फरक पडला तो मलाही, म्हणजे ज्याच्या कानांबद्दल अद्याप कोणी निवाडा दिलेला नाही अशा माणसालाही, स्पष्ट जाणवला. उघड्या फरशीवर सतरंजी आणि संचासमोरच्या रिकाम्या भिंतीवर जाड पडदा ही त्याची पुढची मागणी होती. कापसाच्या मुलखात गाद्या-गोधड्यांना तोटा नाही. भिंतीला टेकवून ठेवलेली एक जाड गादी शब्दांचे शेपूट लांबवणारा प्रतिध्वनी पुष्कळसा गिळून टाकते.

संचाच्या अंतरंगातील फेरफार दहा मिनिटांत उरकले. 'सराउंड' नावाचा कृत्रिम विस्तार बंद. 'क्लिअर व्हॉइस' चालू. 'ऑटो व्हॉल्यूम' चालू, जेणेकरून जाहिरात अंगावर धावून येऊ नये. आणि इक्वलायझरच्या पाच पट्ट्यांपैकी शंभराची बरीच खाली, तीनशेची थोडी खाली, तीन हजारांची वर. ऐकणाऱ्या सुनेला हा आवाज 'पत्र्यासारखा' वाटला. तो होताच. पण संवाद समजणे आणि आवाज गोड वाटणे ही दोन भिन्न उद्दिष्टे आहेत, आणि बाजारात विकले जाते ते बहुधा दुसरे.

याहून प्रभावी इलाज अगदी साधा निघाला. संचापासून लांब तार ओढून एक छोटा स्पीकर खाटेच्या उशाशी ठेवला. दहा-बारा फुटांचे अंतर तीन फुटांवर आले, म्हणजे चौथाई झाले, तर थेट येणारा ध्वनी सुमारे १२ डेसिबलांनी वाढतो, आणि भिंतींचा प्रतिध्वनी मात्र होता तेवढाच राहतो. अडचण इतकीच, की नव्या संचांना पुष्कळदा हेडफोनचे छिद्रच नसते. तेव्हा प्रकाशतारेच्या खोबणीला परिवर्तकाची डबी जोडावी लागते आणि संचातील 'डिजिटल आउटपुट' 'पीसीएम'वर आणावे लागते, नाहीतर स्वस्त डबी मुकीच राहते. बिनतारी ब्लूटूथची शिफारस त्याने केली नाही: त्यात ध्वनी किंचित उशिरा पोचण्याचा संभव असतो, आणि ओठ वाचणाऱ्याचा त्याने घात होतो.

विलायतेत बीबीसीने २०१९ साली 'कॅज्युअल्टी' या मालिकेच्या एका भागावर असा प्रयोग केला, की प्रेक्षकाने एक कळ सरकवली की पार्श्वध्वनी मागे हटावेत आणि संवाद पुढे यावेत. आपल्याकडे अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून गीतांखाली त्याच भाषेतील अक्षरे दाखवण्याचा पुरस्कार केला. हेतू साक्षरतेचा होता, पण ऐकू न येणाऱ्यांचीही त्यात सोय आहे. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा अधिनियम झाल्यावर केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने २०१९ मध्ये श्रवणदोष असलेल्या प्रेक्षकांसाठी सुगमतेची मानके जाहीर केली. मराठी मालिकेखाली मराठीच अक्षरे नेमाने दिसू लागली, तर या लेखातील अर्ध्या खटपटीचे कारण उरणार नाही. वाहिन्यांच्या चालकांनी आपल्या पार्श्वसंगीताचा अंमल थोडा कमी केला, तर उरलेल्या अर्धीचेही.

तोवर वाचकांना एक विनंती. घरातील वडीलधाऱ्यांसाठी मोठा संच वा महागडा साउंडबार घेण्यापूर्वी त्यांची श्रवणचाचणी अवश्य करून घ्यावी; सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा सावंगी मेघे येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयात कान-नाक-घसा विभागाकडे चौकशी करावी. कधी कधी कानात केवळ मळ साचलेला असतो.