थंडीत दरवळणारी डॅफ्नी : लावावी कोणती आणि कुठे?

थंड देशांतील हिवाळ्यात बर्फाहूनही अधिक जाचतो तो निर्गंधपणा. लंडनमध्ये डिसेंबरात दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो, खिडक्या महिनोन्‌महिने बंद राहतात आणि मोगरा, सोनचाफा, पारिजातक यांच्यावरून ऋतू ओळखण्याची सवय असलेल्या माणसाला महिना कोणता हे सांगणारे काहीच उरत नाही. लेकीकडे वा मुलाकडे परदेशी राहावयास गेलेल्या, किंवा तेथेच वृद्धत्वाला पोहोचलेल्या वाचकांनी घराच्या दाराशी एक झुडूप अवश्य लावावे. त्याचे नाव डॅफ्नी. ऐन थंडीत ते फुलते आणि लहानशा फुलांचा गुच्छ सारे अंगण भारून टाकतो. मात्र कण्हेरीप्रमाणेच हिचेही सर्वांग विषारी असल्यामुळे, कोणती डॅफ्नी आणि कुठे, हा प्रश्न आधी सोडवला पाहिजे.

डॅफ्नी हे नाव ग्रीक पुराणकथेतील वृक्षरूप झालेल्या एका अप्सरेचे. तरीही हे झुडूप आपल्याला अगदी परके नाही. तिची एक थोर जात, डॅफ्नी भोलुआ, हिमालयाच्या उतारांवर वाढते. नेपाळमधील प्रसिद्ध लोकता कागद हिच्याच सालीपासून बनतो. कीड सहसा लागत नसल्यामुळे दस्तऐवज आणि पोथ्या यांसाठी तो पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला.

या हिमालयीन जातीचे एक झाड १९६२ मध्ये पूर्व नेपाळातून इंग्लंडला गेले आणि ‘गुरखा’ या नावाने रुजले. त्याच्या बियांपासून १९८२ मध्ये ‘जॅकलीन पोस्टिल’ हा वाण निपजला. ‘गुरखा’ची पाने हिवाळ्यात गळतात, ‘जॅकलीन’ची बहुधा टिकतात. ती सरळ उभी, दोन मीटरांहून उंच वाढते आणि जानेवारीपासून मार्चपर्यंत फुलते. सुगंधाच्या कसोटीवर माझ्या मते हिला तोड नाही. उंचीमुळे फुले नाकाच्या पातळीवर येतात, वाकावे लागत नाही. गुडघे आणि कंबर धरलेल्या माणसासाठी हा गुण लहान नव्हे.

दुसरी डॅफ्नी ओडोरा. ही मूळची चीनमधली, पुढे जपानच्या बागांत घरोघरी पोहोचलेली. जपानी लोक जी तीन झाडे सुगंधासाठी थोर मानतात त्यांत हिची गणना होते; त्यांतलेच दुसरे आपला अनंत आहे, हे वाचून अनेकांना आपलेपणा वाटेल. ओडोरा बुटकी, जेमतेम मीटर-सव्वा मीटर उंचीची, सदाहरित आणि पसरट असते. पानांना पिवळी किनार असलेला ‘ऑरिओमार्जिनाटा’ हा वाण थंडी अधिक सोसतो आणि रोपवाटिकेत सहज मिळतो. इंग्लंडच्या सौम्य भागांत, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सिअॅटलच्या बाजूला आणि न्यूझीलंडमध्ये ती चांगली येते. न्यूझीलंडमध्ये ऋतू उलटे असल्याने फुले जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे साधारण आपल्या आषाढ-श्रावणात येतात.

शिकागो वा टोरांटोसारख्या कडाक्याच्या थंडीत मात्र ओडोरा तग धरत नाही. तेथे बर्कवुडी गटातील ‘कॅरोल मॅकी’ लावावी. ती वसंतात फुलते. ‘इटर्नल फ्रेग्रन्स’ हा आटोपशीर वाण वसंतापासून शरदापर्यंत थोडा थोडा फुलत राहतो. मेझेरियम या युरोपीय जातीला निष्पर्ण फांद्यांवर गुलाबी फुले येतात, थंडीचीही तिला पर्वा नसते. परंतु जिथे लहान मुले आहेत त्या घरी ती लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण तिची फळे. उन्हाळ्यात मेझेरियमच्या फांद्यांवर लालचुटुक, रसरशीत फळे लगडतात. ती इतकी खाण्याजोगी दिसतात की बालकाचा हात आपोआप पुढे जावा. चावताच तोंडाची आणि घशाची तीव्र आग होते, सूज येते, मग उलट्या आणि रक्तमिश्रित जुलाब होऊ शकतात. थोडी फळेही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात. स्मृतिभ्रंश झालेले वडीलधारेही हाती येईल ते तोंडात घालतात, म्हणून त्यांच्या शुश्रूषकांनी नातवंडांइतकीच त्यांचीही काळजी वाहावी. बागांतल्या ओडोराला फळे क्वचितच धरतात, म्हणून ती तुलनेने बरी. तरीही तिची पाने, साल आणि फुले विषारीच. ‘जॅकलीन’ला काळी फळे धरली, तर ती पिकण्याआधीच खुडून टाकावीत.

आपल्या घरांत एक धोका विशेष संभवतो. देवपूजेसाठी फूल खुडणे ही आपली नित्याची सवय. डॅफ्नीचे फूल देवाला वाहावे, त्याला हरकत नाही. मात्र तुळशीचे पान टाकावे तसे ते तीर्थात कदापि टाकू नये. चहात किंवा सरबतातही नको. खुडताना हातमोजे घालावेत, कारण हिच्या चिकाने कातडीवर पुरळ उठते आणि उतारवयातील पातळ त्वचेला त्याचा त्रास अधिक होतो. नंतर हात साबणाने धुवावेत.

कोणी फळ वा पान खाल्ल्याचा संशय आला तर तोंडातील अवशेष काढून चूळ भरवावी. उलटी करवू नये, मिठाचे पाणी पाजू नये. अमेरिकेत विषबाधेसाठी १-८००-२२२-१२२२, ऑस्ट्रेलियात १३ ११ २६, न्यूझीलंडमध्ये ०८०० ७६४ ७६६ आणि ब्रिटनमध्ये १११ या क्रमांकावर विचारावे. श्वासाला अडथळा वा गुंगी दिसल्यास थेट रुग्णवाहिका बोलवावी. झाडाची फांदी सोबत न्यावी, म्हणजे ओळख पटते.

एवढा जपणुकीचा खटाटोप कशासाठी, असे आपण विचाराल. वय वाढते तशी घ्राणशक्ती मंदावते आणि ते आपल्या ध्यानातही येत नाही. मग अन्नाची गोडी जाते, भूक कमी होते, गॅस गळतो आहे किंवा दूध नासले आहे हेही समजत नाही. पार्किन्सन आणि अल्झायमर या विकारांत वास न येणे हे पुष्कळदा आरंभीचे लक्षण असते. दाराशी फुललेल्या झुडपाचा वास घरातल्या सर्वांना येतो आणि आजोबांनाच येत नाही, असे आढळले तर डॉक्टरांच्या कानावर घालावे. त्याचा अर्थ रोगच आहे असे नव्हे. साध्या पडशानेही वास जातो. दुसऱ्या बाजूने, गंधाचा मेंदूतील भावना आणि स्मृती यांच्या केंद्रांशी निकटचा संबंध असल्यामुळे एखाद्या दरवळाने अबोल झालेले माणूसही माहेरच्या परसाविषयी बोलू लागते. ज्यांना दमा वा अर्धशिशी आहे त्यांच्या खोलीत मात्र हा गुच्छ ठेवू नये. बंद खोलीत तो फार उग्र होतो.

आता जागा. रोज ये-जा होते त्या दाराजवळ किंवा उघडता येणाऱ्या खिडकीखाली लावावे, म्हणजे निसरड्या वाटेवरून बागेत जाण्याची वेळ येत नाही. लहान मूल घरात असेल तर खिडकीची, कुंपणाआडची जागा उत्तम. सकाळचे कोवळे ऊन, दुपारी सावली आणि गार वाऱ्याला आडोसा असावा. मातीत पालापाचोळ्याचे खत मिसळावे; निचरा चोख हवा, तरी उन्हाळ्यात मुळे कोरडी पडता कामा नयेत. बुंध्याभोवती पाल्याचे आच्छादन पसरावे, खोडाला मात्र ते टेकू देऊ नये. छाटणी जवळजवळ नकोच. एकदा लावलेले झाड हलवू नये. मुळे दुखावणे हिला खपत नाही. कुंडीतही ती फार वर्षे रमत नाही.

इतके करूनही डॅफ्नी कधी कधी दोन-चार आठवड्यांत कारण न सांगता वाळून जाते. अनुभवी माळ्यांनाही हा चटका बसतो, तेव्हा स्वतःला दोष देऊ नये. झाड निरोगी असतानाच खालची एखादी लवचीक फांदी मातीत दाबून वर दगड ठेवावा. वर्षभरात तिला मुळे फुटण्याचा संभव असतो आणि दुसरे रोप हाताशी राहते.