पाषाणाच्या पोटातली सफाई

अणुशक्तीवर उडणारं विमान बनवायचं, या ईर्ष्येपायी अमेरिकेने १९५०च्या दशकात आयडाहो राज्यातल्या ओसाड माळावर एक वसाहत उभी केली. तिचं नाव टेस्ट एरिया नॉर्थ, तिथल्या लोकांच्या तोंडी 'टॅन'. विमान कधीच उडालं नाही. १९६१ मध्ये अध्यक्ष केनेडींनी तो कार्यक्रम गुंडाळला. त्यासाठी बांधलेल्या अणुभट्ट्यांची धुडं आज ईबीआर-१ या संग्रहालयाच्या आवारात उघड्यावर उभी आहेत. टॅनमध्ये मात्र त्या काळातली एक विहीर मागे उरली, आणि तिने पुढच्या तीन पिढ्यांना काम पुरवलं.

ही विहीर पाणी काढायची नव्हती, पाणी सोडायची होती. टीएसएफ-०५ हा तिचा कागदोपत्री क्रमांक, खोली ९० मीटरच्या वर. १९५३ ते १९७२ या काळात वसाहतीचं सगळं सांडपाणी तिच्यात सोडलं जात होतं. त्यात मैलापाणी होतं, कार्यशाळांमधली द्रावकं होती आणि सौम्य किरणोत्सारी कचराही होता. त्या वेळी याला कोणी गुन्हा मानत नव्हतं. जमिनीखाली गेलं म्हणजे गेलं, अशीच सार्वत्रिक समजूत होती. विहिरीचा तळ मात्र थेट भूजलात होता. १९८७ मध्ये तिथल्या पाण्यात ट्रायक्लोरोइथिलीन सापडलं. या नावापेक्षा 'टीसीई' ही तीन अक्षरंच जगभर जास्त वापरली जातात.

टीसीई म्हणजे धातूवरचं तेल-ग्रीस धुऊन काढणारं द्रावक. विमानांचे कारखाने, लष्करी तळ, यंत्रांच्या कार्यशाळा, जिथे जिथे धातूचे सुटे भाग हाताळले जात तिथे ते पिंपांनी वापरलं गेलं. ते पाण्याहून जवळजवळ दीडपट जड आहे. त्यामुळे पेट्रोलसारखं भूजलावर तरंगत न राहता ते पाण्यातून खाली उतरतं, मिळेल त्या भेगेत शिरतं आणि तिथे बसून थोडं थोडं विरघळत राहतं. कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झाला आहे. पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम ही अमेरिकेने घातलेली मर्यादा. टॅनच्या विहिरीजवळ हे प्रमाण मर्यादेच्या शेकडो पटींनी अधिक होतं आणि दूषित पाण्याचा पट्टा सुमारे तीन किलोमीटर लांब पसरला होता.

त्यातून तिथला खडक म्हणजे काळा बेसाल्ट. मराठी वाचकाने इथे थोडं थांबून पाहावं, कारण सह्याद्री आणि महाराष्ट्राचा बहुतेक सगळा मुलूख याच जातीच्या खडकाचा आहे. स्नेक नदीच्या खोऱ्यात लाव्हाचे थर एकावर एक साचले. प्रत्येक थराचा गाभा घट्ट आणि त्याचा वरचा-खालचा भाग सच्छिद्र, फुटका, चुरा झालेला. पाणी वाहतं ते या दोन थरांमधल्या चुऱ्यातून आणि थंड होताना पडलेल्या उभ्या भेगांमधून. तिथली बिग लॉस्ट नावाची नदी डोंगरातून वाहत येते आणि टॅनच्याच परिसरात जमिनीत जिरून नाहीशी होते. हे सगळं पाणी पुढे नैर्ऋत्येला थाउजंड स्प्रिंग्ज या ठिकाणी कड्यातून धबधब्यांसारखं बाहेर पडतं. आयडाहोच्या प्रसिद्ध बटाट्याचं पीक याच भूजलावर पोसलं जातं आणि लाखो माणसं तेच पितात.

वाळूच्या थरातलं दूषित पाणी काही अंशी अंदाज बांधून गाठता येतं. भेगांच्या खडकात तसं नाही. दहा मीटर अंतरावरच्या दोन बोअरमध्ये एकीला विषारी पाणी लागेल, दुसरी स्वच्छ निघेल. पंप लावून पाणी उपसलं तर रुंद भेगांतलं पाणी झपाट्याने येतं. अरुंद भेगांत आणि खडकाच्या छिद्रांत मुरलेलं टीसीई मात्र तिथेच राहतं आणि पंप बंद केला की हळूहळू पाझरून पुन्हा प्रवाहात उतरतं. टॅनमध्ये १९९० साली विहिरीच्या तळाचा गाळ काढला गेला. पुढे १९९५ मध्ये पाणी उपसून शुद्ध करायची योजना मंजूर झाली. पण भोवतालच्या भेगांमध्ये वीस वर्षांचा गाळ बसला होता आणि तो टीसीई सोडतच होता. उपसा अनेक दशकं चालवावा लागेल, हे उघड दिसत होतं.

इथे या कथेत जिवाणू येतात, आणि त्यांना शोधून काढण्याची हकिगत टॅनच्याही आधीची आहे. टीसीईच्या रेणूत क्लोरीनचे तीन अणू असतात. स्टॅनफर्ड विद्यापीठात पेरी मॅकार्टी आणि टिमोथी व्होगेल यांनी १९८५ मध्ये दाखवलं की, प्राणवायू नसलेल्या जागी सूक्ष्मजीव अशा रेणूंमधले क्लोरीन अणू एकेक करून काढतात. तीनाचे दोन होतात, दोनाचा एक. पण एक क्लोरीन उरला की जे बनतं ते व्हिनिल क्लोराइड, आणि ते टीसीईहून घातक. त्याची मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम. म्हणजे जिवाणूंनी काम अर्धवट सोडलं तर पाणी आधीपेक्षा वाईट व्हायचं. त्यामुळे कित्येक वर्षं या वाटेला जाण्याची अनेकांची तयारी नव्हती आणि त्यांची भीती रास्तच होती.

कॉर्नेल विद्यापीठात डेव्हिड फ्रीडमन आणि जेम्स गॉसेट यांनी १९८९ मध्ये शेवटचा क्लोरीनही निघतो आणि इथिलीन तयार होतं, हे सिद्ध केलं. इथिलीन म्हणजे केळी पिकताना घडातून बाहेर पडतो तोच वायू, पाण्याला निरुपद्रवी. हे काम नेमकं कोण करतं याचा उलगडा १९९७ मध्ये झाला. झेवियर मेमो-गॅटेल, स्टीफन झिंडर आणि गॉसेट यांच्या चमूने इथाका गावच्या मैलापाणी प्रकल्पातल्या गाळातून तो जिवाणू वेगळा केला. आज त्याचं नाव डिहॅलोकॉकॉइडिस मॅकार्टी. त्यातलं 'मॅकार्टी' हे त्या स्टॅनफर्डच्या प्राध्यापकांच्या सन्मानार्थ आहे.

इतक्या कमी गरजांवर आणि इतक्या हट्टाने जगणारा जीव क्वचितच असेल. तो चपट्या चकतीसारखा असतो, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान. इतर बहुतेक जिवाणूंना असते तशी भक्कम पेशीभित्तिका त्याला नाही. २००५ मध्ये त्याचा सगळा जनुकसंच वाचला गेला तेव्हा तो स्वतंत्रपणे जगणाऱ्या जिवाणूंतल्या सर्वांत आटोपशीर संचांपैकी एक निघाला. पण त्या आखूड संचात क्लोरीन काढणाऱ्या विकरांची जनुकं मात्र डझनाहून अधिक. आपण प्राणवायूवर श्वास घेतो, हा क्लोरीनयुक्त रेणूंवर घेतो. दुसरं काहीही त्याला चालत नाही आणि प्राणवायू लागला की तो मरतो. ऊर्जेसाठी त्याला हायड्रोजन लागतो, शरीर बांधायला अ‍ॅसिटेट लागतं आणि बी-१२ हे जीवनसत्त्व तर तयारच मिळावं लागतं. यातलं काहीच तो स्वतः बनवू शकत नाही. भोवती इतर जिवाणूंची वस्ती असेल, ते खाऊन-कुजवून हायड्रोजन सोडत असतील, तरच याचं जगणं. म्हणून भूजल साफ करणारा खरं तर एक जिवाणू नसतो, अख्खं गाव असतं.

टॅनमध्ये नेमकं हेच गाव वसवायचं होतं, आणि तेही साठ-पासष्ट मीटर खाली, जिथल्या पाण्यात प्राणवायू भरपूर. १९९९च्या जानेवारीत केंट सोरेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच जुन्या विहिरीतून सोडियम लॅक्टेट सोडायला सुरुवात केली. लॅक्टेट म्हणजे दह्याला आंबटपणा देणाऱ्या आम्लाचा क्षार, खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत सर्रास वापरला जाणारा. विषाच्या विहिरीत खायची वस्तू ओतायची, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण हिशोब सरळ होता. आधी प्राणवायूवर जगणारे जिवाणू लॅक्टेटवर तुटून पडतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. मग नायट्रेट वापरणाऱ्यांची पाळी, त्यानंतर लोहाची, गंधकाच्या क्षारांची, आणि अगदी शेवटी मिथेन बनवणाऱ्यांची. प्रत्येक टोळी आपल्या वाटणीचं संपवते तेव्हाच पुढचीला जागा होते.

मोजमापांनी हा क्रम तंतोतंत दाखवला. गंधक वापरणाऱ्यांच्या टप्प्यावर टीसीई घटू लागलं आणि त्याच्या जागी दोन क्लोरीनवालं डायक्लोरोइथिलीन वाढू लागलं. घोडं तिथेच अडणार की काय, अशी ती वेळ. पुढे मिथेन दिसू लागलं आणि त्याच्यापाठोपाठ इथिलीन आलं. म्हणजे शेवटचा क्लोरीन निघत होता. बाहेरून जिवाणू आणून सोडावेच लागले नाहीत. खडकात मूळचीच त्यांची तुरळक वस्ती होती, ती फक्त उपाशी होती.

याच प्रयोगात एक अनपेक्षित गोष्ट घडली, आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटते. लॅक्टेट जास्त घट्ट प्रमाणात सोडलं की विहिरीजवळच्या पाण्यात टीसीई आधी वाढायचं. वरवर पाहणाऱ्याला हे अपयश वाटलं असतं. प्रत्यक्षात गाळात अडकलेलं टीसीई सुटून पाण्यात येत होतं आणि पाण्यात आलं की जिवाणूंच्या हाती लागत होतं. उपशाच्या योजनेला जो गाळ पुरून उरला असता, तोच आता कमी होऊ लागला. २००१ मध्ये सरकारने मूळ निर्णय बदलला. विहिरीभोवतीचा सर्वांत दूषित भाग जिवाणूंकडे सोपवला, मधल्या पट्ट्यात उपसा चालू ठेवला आणि लांबचा विरळ भाग निसर्गावर सोडून त्यावर नजर ठेवायचं ठरलं. पुढे लॅक्टेटऐवजी व्हे पावडर वापरू लागले. चीज किंवा पनीर केल्यावर जे पाणी उरतं, ते वाळवून केलेली ही भुकटी लॅक्टेटहून स्वस्तही आणि गाळातलं टीसीई सोडवण्यात सरसही.

लांबचा भाग निसर्गावर सोडला, हे वाक्य हात झटकल्यासारखं वाटेल. तसं नव्हतं. त्या टोकाला पाण्यात प्राणवायू आहे, म्हणजे आपला चपटा कामकरी तिथे जगूच शकत नाही. तरी टीसीई तिथे घटत होतं. नुसतं पातळ होतंय की खरोखर नष्ट होतंय, हे ओळखायला सोरेन्सन यांच्या चमूने एक सुरेख युक्ती केली. त्याच विहिरीतून आलेलं किरणोत्सारी ट्रिटियम आणि चार क्लोरीनवालं टेट्राक्लोरोइथिलीन हेही त्याच वाटेने वाहत होते. पातळ व्हायचं तर तिघांनी सारख्याच प्रमाणात व्हायला हवं. ट्रिटियम किती वेगाने क्षय पावतं हे ठाऊकच आहे, तो हिशोब वजा केला. टीसीई इतर दोघांपेक्षा जलद घटत होतं आणि दर १३ ते २१ वर्षांनी निम्मं होत होतं. प्राणवायूत राहून मिथेनवर जगणारे जिवाणू आपल्या विकराने जाता जाता टीसीईही मोडतात. त्यातून त्यांना काही मिळत नाही. वेग मंद खरा, पण इतकी वर्षं माणसांपर्यंत न पोहोचता प्रवास करणाऱ्या पाण्याला तो पुरेसा ठरू शकतो. किरणोत्सारी द्रव्यांचं मात्र जिवाणू काही करू शकत नाहीत. स्ट्रॉन्शियम आणि सीझियम यांचे अणू कोणी खाऊन संपत नाहीत.

सगळेच खडक बेसाल्टइतके उदार नसतात. न्यू जर्सीत वेस्ट ट्रेंटन इथे अमेरिकी नौदलाचं जेट इंजिनं तपासण्याचं केंद्र होतं, तिथेही टीसीई जमिनीत गेलं. तिथला खडक भेगाळलेला चिखलदगड. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण विभागाने या जागेला वर्षानुवर्षं प्रयोगशाळाच केलं, भेगांत खाद्यतेलाचं पायस आणि जिवाणूही सोडून पाहिले. भेगांमधलं टीसीई जिवाणू मोडतात. पण दशकानुदशकं चिखलदगडाच्या अतिसूक्ष्म छिद्रांत शिरून बसलेल्या टीसीईपर्यंत ते सहज पोहोचत नाहीत. ते स्वतःहून बाहेर पाझरेल तेवढंच त्यांच्या हाती. जिवाणू कितीही समर्थ असले तरी कामाचा वेग शेवटी खडक ठरवतो.

महाराष्ट्रात हे वाचताना दख्खनची आठवण होणं साहजिक आहे, पण टॅनची कृती उचलून इथे आणता येणार नाही. स्नेक नदीचा बेसाल्ट भूशास्त्राच्या हिशोबाने कोवळा आहे, त्यातून पाणी मोकळं वाहतं. आपला साडेसहा कोटी वर्षांचा. त्याच्या पोकळ्या झिओलाइटांनी आणि मातीने भरल्या आहेत, वर मुरूम आहे, खाली मांजऱ्या खडक आहे, मधूनच लाल मातीचा पट्टा येतो आणि पाणी एका शिवारात एका थराने, तर शेजारच्या शिवारात दुसऱ्याच थराने चालतं. विहीर खणणाऱ्या जुन्या माणसांना हे थर हाताने ठाऊक असत. कारखान्याचं सांडपाणी बोअरमध्ये सोडल्याच्या तक्रारी आपल्याकडेही येतात, आणि अशा प्रत्येक ठिकाणी नमुन्याच्या बाटलीआधी त्या थरांचा नकाशा हवा. कोणत्या भेगेतून पाणी येतं, त्यात प्राणवायू किती, लोह किती, मिथेन आहे का, डायक्लोरोइथिलीन आणि व्हिनिल क्लोराइड मोजलं का, हे कळल्याशिवाय खाली जिवाणू आहेत, ते आपोआप साफ करतील, असं म्हणणं ही जबाबदारी टाळणं होय. ते प्रामाणिक कामकरी आहेत, पण अर्धवट परिस्थितीत ते अर्धवटच काम करतात आणि त्यांच्या अर्धवट कामाचं नाव व्हिनिल क्लोराइड आहे.

टॅनमध्ये २०१२ मध्ये खुराक देणं मुद्दाम थांबवलं गेलं. चालू खुराकात मिळालेलं स्वच्छ पाणी खडकाचं खरं चित्र सांगत नाही. जिवाणूंचं जेवण बंद झाल्यावर, प्राणवायू परत आल्यावर, भेगांत दडलेलं टीसीई किती वर येतं हे पाहायला वर्षं जाऊ द्यावी लागतात. तोवर ठरलेल्या विहिरींतून नमुने निघत राहतात आणि आकडे आलेखावर चढत राहतात. हे भूजल पूर्ववत करण्यासाठी मूळ निर्णयात मुदत दिली आहे ती सन २०९५ची, म्हणजे टीएसएफ-०५ मध्ये सांडपाणी सोडायला सुरुवात झाली त्याला १४२ वर्षं होतील तेव्हाची.