सिकलसेलग्रस्त बालकाची परिचर्या : वैद्य व औषधविक्रेते यांचे कर्तव्य

चंद्रपूर व गडचिरोली या वनबहुल जिल्ह्यांत सांधेदुखी, पांडुता आणि वारंवार ज्वर असलेले बालक आले की आमवात वा पांडुरोग असे निदान सहज केले जाते. आमच्या मते या भागात प्रथम सिकलसेलची शंका घ्यावी. १९८० च्या दशकात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील पाहणीने या व्याधीकडे लक्ष वेधले. आदिवासींखेरीज इतर समाजांतही तो आढळतो.

सुश्रुताचार्यांच्या वर्गीकरणानुसार हा आदिबलप्रवृत्त व्याधी होय. प्राणवायू घटताच सदोष हिमोग्लोबिनामुळे रक्तकण विळ्याच्या आकाराचे होतात, सूक्ष्म रक्तवाहिन्या अडवतात व १२० दिवसांऐवजी १० ते २० दिवसांतच नष्ट होतात. माता व पिता दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास रोग होण्याची शक्यता २५ टक्के असते. विद्राव्यता चाचणी ही केवळ प्राथमिक होय. रुग्ण की वाहक, हे इलेक्ट्रोफोरेसिस वा एचपीएलसी तपासणीने ठरते.

चरकाचार्यांनी उपस्थात्याच्या ठायी उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग व शौच हे चार गुण सांगितले आहेत. येथे उपस्थाता म्हणजे बहुधा माताच. तिला पुढील गोष्टी समजावून द्याव्यात :

१) बालकास वारंवार पाणी पाजावे, थंडी, कडक ऊन व अतिश्रम यांपासून जपावे.

२) ज्वर १०१ अंश फॅ. वर गेल्यास, श्वास लागल्यास, छातीत दुखल्यास वा एका अंगाची शक्ती गेल्यास त्वरित रुग्णालय गाठावे.

३) डाव्या बरगडीखाली प्लीहा चाचपण्यास शिकावे, ती अकस्मात वाढणे व बालक निस्तेज होणे हे प्राणघातक लक्षण होय.

४) लसीकरण पूर्ण करावे, पाच वर्षांखालील बालकाचे पेनिसिलिन, तसेच फॉलिक आम्ल व हायड्रॉक्सियुरिया वैद्यकीय सल्ल्याविना थांबवू नये.

५) मच्छरदाणी वापरावी, कारण हिवताप या बालकांस विशेष घातक ठरतो.

पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा मार्ग तुटतो. म्हणून औषधांचा साठा व रुग्णालयात नेण्याची व्यवस्था मृगापूर्वीच करून ठेवावी.

आपल्याकडून काय टळावे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. या बालकांत वमन, विरेचन व रक्तमोक्षण टाळावे. जलक्षय वेदनेस निमंत्रण देतो. लोहन्यूनता तपासणीने सिद्ध झाल्याविना लोहभस्म वा मंडूर देऊ नये. औषधविक्रेत्यांनी वारंवार वेदनाशामक मागणाऱ्या पालकांस केवळ गोळी न देता तपासणीचा सल्ला द्यावा.

केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन अभियान आरंभिले असून २०४७ हे त्याचे लक्ष्यवर्ष आहे. गावातील पहिला सल्ला मात्र बहुधा आपल्याच दारी मागितला जातो. आपला योग्य संशय बालकास वेळेत रुग्णालयात पोहोचवतो; चुकीचा काढा तो वेळ हिरावून घेतो. हे भान प्रत्येक वैद्यबंधू-भगिनीने ठेवावे, ही विनंती.