हिरड्यांतून रक्त का येते?

तुळजापूर तालुक्यातील आपल्या वस्त्यांमध्ये पहाटे मिश्री लावणाऱ्या माय-बहिणी आजही दिसतात. दाढ दुखली म्हणून लावली, मग सुटली नाही. मिश्रीने दाताची कीड मरते, असा समज. पण ही कीड म्हणजे अळी नव्हे. ते डोळ्यांना न दिसणारे जंतू. हॉलंडच्या लेव्हेनहूक या कापडविक्याने १६८३ साली दातांवरचा मळ भिंगाखाली पाहून त्यांचे वर्णन लिहिले.

माणसांच्या तोंडात ७०० हून अधिक जातींचे जंतू आढळतात. बहुतेक निरुपद्रवी, जागा अडवून ते वाईटांना थोपवतात. लाळेतही जंतूंशी लढणारी द्रव्ये असतात. पण दाताच्या मुळाशी मळाचा थर साचला की रक्तातील पांढऱ्या पेशी धावून येतात. हिरडी सुजते, घासताना रक्त येते. ही लढाई वर्षानुवर्षे चालली तर आपल्याच शरीराच्या माऱ्याने दाताभोवतीचे हाड झिजते आणि न किडलेला दातही हलू लागतो. मधुमेह्यांना हा धोका अधिक. उलट हिरड्या सुजल्या की साखरही आटोक्यात राहणे कठीण.

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने हिरड्या खराब होतात, तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. पण घरच्या तव्यावर भाजल्या जाणाऱ्या मिश्रीला कोण अडवणार?

रक्त येते म्हणून दात घासणे सोडू नये, मऊ ब्रश वापरावा. गालात पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसल्यास मजुरीचा एक दिवस बुडाला तरी सरकारी दवाखाना गाठावा.